लहान लॅपटॉप अ‍ॅडॉप्टर: निवड, तपासणी आणि सीमाभागातल्या विजेवरचा वापर

बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीतल्या दुकानात लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर मागितला, तर आता दोन जातींचा माल समोर येतो. एक नेहमीचा लांबट, जड, दोन्ही टोकांना वायर असलेला काळा ठोकळा; आणि दुसरा मुठीत मावणारा, थेट भिंतीवरच्या सॉकेटात बसणारा, ज्याच्या खोक्यावर ‘गॅन’ असे ठळक छापलेले असते. दोघांवरही ६५ वॅट लिहिलेले असते, किमतीत मात्र बराच फरक असतो. आकार एवढा कमी झाला तर आतून नेमके काय काढून टाकले, ही शंका घेणाऱ्याच्या मनात येते आणि ती रास्त आहे. आकार कमी करण्यासाठी अ‍ॅडॉप्टरमधली स्विचिंगची वारंवारता वाढवावी लागते, आणि ती वाढली की उष्णता तसेच विजेचे झटके सोसण्याची ताकद हे दोन मुद्दे कळीचे होतात. म्हणून केवळ लहानपणा पाहून खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विशेषतः ज्यांचे घर गावाच्या टोकाला, लांबलचक ग्रामीण फीडरवर (वीजवाहिनीवर) आहे त्यांनी तर नाहीच.

आकार नेमका कशाने कमी होतो

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची वीज अ‍ॅडॉप्टरमध्ये शिरताच डायोडच्या चौकडीतून जाते आणि तिचे सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात रूपांतर होते. हा दाब एक ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद करून तुकड्यातुकड्यांनी एका छोट्या ट्रान्सफॉर्मरला देतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे ते तुकडे पुन्हा जोडून लॅपटॉपला लागणारे १९ किंवा २० व्होल्ट तयार होतात. ट्रान्झिस्टर एका सेकंदात जितक्या वेळा चालू-बंद होतो ती स्विचिंगची वारंवारता होय. विहिरीतून हौदात पाणी नेणारा माणूस सावकाश चालणारा असेल तर त्याला मोठी घागर लागते. तोच भरभर फेऱ्या मारू लागला तर तेवढ्याच वेळात तेवढेच पाणी तांब्यानेही नेता येते. ट्रान्सफॉर्मर ही ती घागर आहे.

हिशेब सोपा आहे. ६५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर ६५ किलोहर्ट्झवर चालत असेल तर प्रत्येक फेरीत एक मिलिज्यूल ऊर्जा पलीकडे जाते. वारंवारता दुप्पट केली की फेरीमागे अर्धा मिलिज्यूल पुरतो. ती ३० मेगाहर्ट्झवर नेली, म्हणजे रेडिओच्या भाषेत अतिउच्च वारंवारतेच्या पट्ट्यात, तर फेरीमागे सुमारे दोन मायक्रोज्यूल एवढेच पुरते. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या आत फेराइट या चुंबकीय द्रव्याचा गाभा लागत नाही, छापील सर्किटवरच काढलेले काही वेढे पुरतात. जुन्या अ‍ॅडॉप्टरमध्ये नेमका ६५ किलोहर्ट्झचा आकडा वारंवार का दिसतो, यालाही कारण आहे. विजेच्या तारांवर परत जाणाऱ्या गोंगाटाच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १५० किलोहर्ट्झपासून लागू होतात. ६५ ची दुप्पट १३० होते, म्हणजे मूळ लहर आणि तिची दुसरी हार्मोनिक लहर (दुप्पट वारंवारतेची उपलहर) या दोन सर्वांत जोरकस लहरी त्या मर्यादेच्या खालीच राहतात आणि निर्मात्याचे फिल्टर स्वस्तात भागते.

मग सगळ्यांनी थेट मेगाहर्ट्झ का गाठले नाहीत? ट्रान्झिस्टर बंद असताना त्याच्या दोन टोकांत थोडा विद्युतभार साठतो, आणि तो चालू होताच ती ऊर्जा आतल्या आत जळून जाते. हे साठवण १०० पिकोफॅरड धरले, तर ३२५ व्होल्टला प्रत्येक वेळी सुमारे ५ मायक्रोज्यूल वाया जातात. ६५ किलोहर्ट्झला हा तोटा एक तृतीयांश वॅटच्या आसपास राहतो, तर १० मेगाहर्ट्झला तो पन्नास वॅटच्या पुढे जातो, म्हणजे ६५ वॅट देण्यासाठी जवळपास तितकेच जाळावे लागतील. तांब्याचीही अडचण होते. १०० किलोहर्ट्झला प्रवाह तारेच्या पृष्ठभागापासून साधारण ०.२ मिलिमीटर खोलीपर्यंतच वाहतो आणि १० मेगाहर्ट्झला ही खोली ०.०२ मिलिमीटर उरते. तारेचा मधला भाग नुसता भार म्हणून राहतो. अ‍ॅडॉप्टरमध्ये वापरले जाणारे नेहमीचे मँगनीज-झिंक फेराइटही एक-दोन मेगाहर्ट्झच्या पुढे तापू लागते.

यावर दोन उपाय निघाले आणि आजचे लहान अ‍ॅडॉप्टर त्या दोहोंच्या मिश्रणावर उभे आहेत. पहिला उपाय असा की ट्रान्झिस्टरवरचा दाब अनुनादाच्या, म्हणजे सर्किटमधल्या नैसर्गिक झोक्याच्या, साहाय्याने शून्यावर येऊ द्यायचा आणि नेमक्या त्याच क्षणी तो चालू करायचा, म्हणजे जाळायला ऊर्जाच उरत नाही. नेथन आणि अ‍ॅलन सोकल या पितापुत्रांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘ई वर्गा’ची रचना याच तत्त्वावर आहे, ती मुळात रेडिओ प्रक्षेपणाच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी होती आणि पुढे वीजरूपांतराच्या क्षेत्रात आली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये या दिशेने बरेच संशोधन झाले. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या फिनसिक्स या कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात ‘डार्ट’ नावाचा ६५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर मांडला, आणि तो नेहमीच्या अ‍ॅडॉप्टरच्या चौथाई आकाराचा असल्याचा दावा केला. अशा अनुनादी रचना एका ठरावीक भारावरच उत्तम चालतात. म्हणून भार कमी झाला की अख्खे रूपांतर क्षणभर बंद, क्षणभर चालू असे तुटक पुंजक्यांनी चालवले जाते, ही त्यांची खास ओळख.

दुसरा उपाय गॅलियम नायट्राइडचा. ज्या द्रव्यातून निळा एलईडी निघाला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळाले, तेच हे द्रव्य. त्यापासून केलेला ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या मानाने कमी विद्युतभार साठवतो आणि झपाट्याने चालू-बंद होतो. खोक्यावरचे ‘गॅन’ ते हेच.

येथे ग्राहकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘गॅन’ म्हणजे अतिउच्च वारंवारता नव्हे. बाजारातले बहुतेक गॅन अ‍ॅडॉप्टर साधारण शंभर ते काहीशे किलोहर्ट्झवर चालतात, आणि ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यापासून ते बरेच दूर आहेत. हे कमीपणाचे नाही; उलट तोटा आणि गोंगाट ताब्यात ठेवून आकार निम्म्यावर आणण्याचा तो शहाणा मध्यममार्ग आहे.

आणखी एक भाग असा आहे की ज्याला वारंवारता कितीही वाढवून लहान करता येत नाही. मुख्य वीज दर १० मिलिसेकंदांनी शून्यावरून जाते, आणि त्या अवधीत लॅपटॉपला द्यायची सुमारे ०.७ ज्यूल ऊर्जा आधी कुठेतरी साठवलेली असावीच लागते. ६५ किलोहर्ट्झच्या एका फेरीच्या मानाने हे सातशे पट आहे. हे काम प्रवेशद्वाराशी असलेला साधारण १०० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर करतो, आणि त्याचा आकार आपल्याकडच्या ५० हर्ट्झने ठरतो. म्हणून एखाद्या ६५ वॅटच्या चार्जरचा आकार अशक्य वाटावा इतका लहान असेल आणि किंमतही तितकीच लहान असेल, तर कंजुषी बहुधा याच कपॅसिटरमध्ये झालेली असते. तो लहान असला की त्यावरची लहर मोठी होते, तो तापतो, आणि इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते.

खरेदी करताना काय पाहावे

सर्वप्रथम आपल्या मूळ अ‍ॅडॉप्टरवरचे लेबल वाचावे. लॅपटॉपला यूएसबी-सीने चार्ज होण्याची सोय आहे की जुन्या गोल पिनेने, हे ठरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. गोल पिनेच्या लॅपटॉपसाठी व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपिअर मूळ आकड्याएवढे किंवा अधिक चालतात, आणि ध्रुवता तीच हवी. डेल आणि एचपीच्या अनेक लॅपटॉपमध्ये गोल पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून अ‍ॅडॉप्टरची ओळख पटवली जाते. ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरी भरत नाही किंवा प्रोसेसर मुद्दाम मंदावतो. त्यामुळे अशा लॅपटॉपला ‘युनिव्हर्सल’ पिनांचा जुडगा जोडून काम भागेल असे गृहीत धरू नये, आणि जुना लॅपटॉप विकत घेताना पिनेसह मूळ अ‍ॅडॉप्टर मागून घ्यावा.

यूएसबी-सीच्या बाबतीत काळजी कमी आहे. जोडणी होताच चार्जर फक्त ५ व्होल्ट देतो. लॅपटॉपने मागणी केल्यावरच तो ९, १५ किंवा २० व्होल्टवर जातो. जास्त वॅटचा चार्जर लावल्याने लॅपटॉप जळेल ही भीती म्हणून निराधार आहे. मात्र वायरकडे दुर्लक्ष होते. ६५ वॅट म्हणजे २० व्होल्टला ३.२५ अँपिअर. तीन अँपिअरच्या वर जायचे असेल तर वायरच्या टोकात आपली क्षमता सांगणारी चिप असावी लागते. ती नसेल तर चार्जर ६० वॅटवर थांबतो. फोनसोबत आलेल्या वायरने लॅपटॉप सावकाश भरतो आणि दोष चार्जरला दिला जातो, हे सर्रास घडते. दोन-तीन तोंडांचा चार्जर घेत असाल तर दुसरे तोंड वापरात आल्यावर पहिल्याला किती वॅट उरतात, हे खोक्याच्या मागच्या बारीक अक्षरांत वाचावे. ठळक अक्षरांतली बेरीज लॅपटॉपच्या काही कामाची नसते.

यानंतर नोंदणी. लॅपटॉपचे अ‍ॅडॉप्टर भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. लेबलवर ब्यूरोचे चिन्ह, आयएस १३२५२ (भाग १) किंवा नव्या मानकाचा क्रमांक, आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असला पाहिजे. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये टाकला की निर्मात्याचे नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. दुकानात उभ्या उभ्या मिनिटभरात होणारी ही तपासणी आहे, आणि क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर पुढे बोलायचे काही उरत नाही. लेबलवर चौकोनात चौकोन असे दुहेरी इन्सुलेशनचे चिन्हही पाहावे, कारण लहान अ‍ॅडॉप्टर बहुधा दोन पिनांचेच असतात आणि त्यांना अर्थिंगचा आधार नसतो. वर्तुळात रोमन सहा हा आकडा असेल तर ४९ वॅटच्या वरच्या अ‍ॅडॉप्टरची सरासरी कार्यक्षमता किमान ८८ टक्के आणि रिकामे असताना खर्च ०.२१ वॅटपेक्षा जास्त नाही, असा निर्मात्याचा दावा असतो.

कार्यक्षमतेच्या चार टक्क्यांसाठी एवढी घासाघीस का करावी, हे आकड्यांतून दिसते. ८८ टक्के कार्यक्षमतेचा जुना ठोकळा पूर्ण भारावर सुमारे ९ वॅट उष्णता बाहेर टाकतो. साधारण १०५ बाय ४५ बाय २८ मिलिमीटरचा असेल तर ती उष्णता पसरायला त्याला जवळपास १८० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो. ५० बाय ४५ बाय ३० मिलिमीटरच्या लहान अ‍ॅडॉप्टरकडे जेमतेम १०० चौरस सेंटिमीटर असतात. तो ९२ टक्के कार्यक्षम असेल तर त्याला पावणेसहा वॅटच टाकायचे असतात, आणि दोघांच्या पृष्ठभागावरचा भार जवळपास सारखाच भरतो. म्हणजे लहान अ‍ॅडॉप्टरला जुन्याइतकेच थंड राहायचे असेल तर त्याने किमान ९२ टक्के गाठलेच पाहिजेत. ८८ वर राहिला तर तो नियमात बसेल, पण हाताला चटका देईल. ज्या निर्मात्याने कार्यक्षमतेचा आकडा छापायचेच टाळले आहे, त्याचा ‘जगातील सर्वांत लहान’ हा शब्दप्रयोग मी विचारात घेत नाही.

पिनांचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. ऑनलाइन मागवलेल्या काही चार्जरच्या पिना चपट्या आणि दुमडणाऱ्या असतात. त्या आपल्याकडच्या सॉकेटात नीट बसत नाहीत आणि मध्ये घातलेला स्वस्त बदलक हाच सर्वांत कच्चा दुवा ठरतो. गोल पिनांचाच माल घ्यावा.

घरी आणल्यावरची तपासणी

पहिल्या दिवशी लॅपटॉपची बॅटरी वीस-तीस टक्क्यांपर्यंत उतरवून मगच नवा अ‍ॅडॉप्टर लावावा, म्हणजे त्याच्यावर खराखुरा भार येईल. अर्ध्या तासाने त्याच्या सर्व बाजूंना हात लावून पाहावा. कोमट ते चांगला गरम चालेल. हात टेकवून ठेवता येत नसेल, किंवा एकाच ठिकाणी जास्त तापत असेल, किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल तर तो परत करावा. यूएसबी-सीच्या वायरीत बसणारा छोटा मीटर मिळतो. त्यावर २० व्होल्ट आणि तीन अँपिअरच्या आसपासचा आकडा काही मिनिटे टिकतो का, हे पाहावे. सुरुवातीला ६५ वॅट देऊन तापल्यावर गुपचूप ४५ वर उतरणारे चार्जर असतात, आणि ते यातच उघडे पडतात.

दुसरी तपासणी टचपॅडची. चार्जर लावल्यावर पडद्यावरचा बाण आपोआप उड्या मारू लागला, माइकमध्ये घूं असा आवाज आला, किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवताना मुंग्यांसारखे जाणवले, तर कारण बहुधा एकच असते. वारंवारता आणि स्विचिंगचा झपाटा वाढला की गोंगाट ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे झिरपतो. तो परत वळवण्यासाठी मुख्य विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक विशेष सुरक्षित कपॅसिटर बसवलेला असतो, आणि त्यातून ५० हर्ट्झचा अत्यल्प प्रवाहही येतो. एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्टवर जास्तीत जास्त ७२ मायक्रोअँपिअर सोडू शकतो, तर दोन पिनांच्या उपकरणासाठीची मर्यादा २५० मायक्रोअँपिअर आहे. त्यामुळे हलक्या मुंग्या आल्या म्हणून घाबरू नये. खरोखरचा झटका बसला तर मात्र तो चार्जर पुन्हा भिंतीला लावू नये.

तिसरी तपासणी रेडिओची, आणि ती मला फार आवडते, कारण तिला खर्च नाही. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो मध्यम लहरींवर, कोणतेही केंद्र लागणार नाही अशा जागी ठेवावा आणि भारावर चालणाऱ्या चार्जरजवळ हळूहळू न्यावा. वीतभर अंतरावर खरखर येणे स्वाभाविक आहे. हातभर अंतरावरून धारवाडचे ७६५ किलोहर्ट्झवरचे केंद्र बुडत असेल, तर फिल्टरमध्ये काटकसर झालेली आहे असे समजावे. हा गोंगाट वायरीतून घरभर फिरतो. खऱ्याखुऱ्या अतिउच्च वारंवारतेच्या अ‍ॅडॉप्टरची कसोटी एफएमवर लागते, कारण ३० मेगाहर्ट्झची तिसरी हार्मोनिक लहर ९० मेगाहर्ट्झवर, म्हणजे नेमकी एफएमच्या पट्ट्यात येते.

मच्छे येथील विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांना वारंवारता स्वतः मोजून पाहण्याची हौस असते, ती चांगली आहे. पण त्यासाठी अ‍ॅडॉप्टर फोडू नये. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर भरलेला राहू शकतो, आणि ऑसिलोस्कोपची अर्थची चिमटी मुख्य बाजूला लावली तर थेट शॉर्टसर्किट होते. त्याऐवजी प्रोबचे टोक आणि अर्थची चिमटी एकमेकांना जोडून एक छोटे वेटोळे करावे आणि ते न उघडलेल्या, चालू अ‍ॅडॉप्टरच्या प्लास्टिकवर बाहेरूनच टेकवावे. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र त्यात उतरते आणि पडद्यावर स्विचिंगची लहर दिसते. लॅपटॉप भरत असताना आणि भरल्यावर अशी दोनदा नोंद घ्यावी. हलक्या भारावर वारंवारता बदललेली किंवा लहरींचे तुटक पुंजके झालेले दिसतील. तो बिघाड नव्हे, कार्यक्षमता टिकवण्याची ती पद्धत आहे.

आपल्याकडची वीज आणि लहान अ‍ॅडॉप्टर

हेस्कॉम या आपल्याकडच्या वीजपुरवठा कंपनीच्या ग्रामीण फीडरवर, विशेषतः संध्याकाळी पंप सुरू असताना, दाब उतरतो आणि पंखे मंदावतात. अ‍ॅडॉप्टरला याची भीती नाही. १०० ते २४० व्होल्ट असे लेबल असलेला अ‍ॅडॉप्टर १५० व्होल्टवरही तेवढेच २० व्होल्ट देतो, फक्त विजेकडून थोडा जास्त प्रवाह ओढतो आणि थोडा जास्त तापतो. केवळ लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर घेणे हा माझ्या मते पैशांचा अपव्यय आहे.

भीती आहे ती चढत्या दाबाची. २४० च्या लेबलाचा अ‍ॅडॉप्टर साधारणपणे २६४ व्होल्टपर्यंत टिकेल असा बनवतात. तिथे शिखरदाब ३७३ व्होल्ट होतो आणि ४०० व्होल्टच्या कपॅसिटरला थोडी जागा उरते. २८० व्होल्टला ती जागा संपते. आणि खांबावरचा किंवा मीटरपाशीचा न्यूट्रल तुटला, तर एका घरात दिवे विझू पाहतात आणि शेजारच्या घरात दाब चारशेच्या दिशेने चढतो. वादळानंतर हे अनेकदा घडते. दिवे एकाएकी नेहमीपेक्षा लख्ख झाले, पंख्याचा आवाज बदलला, की विचार न करता मेन स्विच पाडावा आणि मगच लाइनमनला कळवावे. जुन्या सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमध्ये क्षणिक वाढीव दाब स्वतःच्या अंगात जिरवण्याची थोडी क्षमता असते. गॅनच्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये ती तशी नसते. निर्माते त्याऐवजी दाबाची मर्यादाच वर ठेवतात आणि प्रवेशाशी व्हॅरिस्टर (दाब फार चढला की तो स्वतःवर घेणारा भाग) बसवतात. चांगल्या मालात हे केलेले असते, हलक्या मालात व्हॅरिस्टरची जागा सर्किटवर रिकामी सोडलेली असते. बाहेरून ते दिसत नाही, म्हणूनच नोंदणी आणि ब्रँड यांना आपल्या भागात पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्व द्यावे.

एप्रिल-मेमधला वळीव ही दुसरी परीक्षा. विजा कडाडू लागल्या की प्लग सॉकेटातून बाहेर काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण ते एकच तार तोडते आणि तिचे अंतर काही मिलिमीटर असते. ज्यांना दर वेळी हे जमत नाही, त्यांनी वीजतंत्र्याकडून मीटरबोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्यावा. त्याचा उपयोग अर्थिंग चांगले असेल तरच पूर्ण होतो. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत ओल टिकते, पण बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूर तालुक्यात जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि नेमका त्याच वेळी वळीव येतो. मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला पाणी घालण्याची जुन्या माणसांची सवय सोडू नये.

इन्व्हर्टरवर अ‍ॅडॉप्टर चालवायला हरकत नाही, मात्र तो शक्यतो शुद्ध साइन लहरीचा असावा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर दाब एकदम उडी घेतो, प्रवेशाचा कपॅसिटर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात झटक्याने भरतो, अ‍ॅडॉप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो. शेतघरात सोलरची १२ व्होल्टची बॅटरी असेल, तर तिच्यावरून आधी २३० आणि मग पुन्हा २० व्होल्ट असा वळसा घेण्यापेक्षा गाडीत वापरतात तसा १२ व्होल्टचा यूएसबी-सी चार्जर सरळ बॅटरीवर लावणे फायद्याचे आहे. बॅटरीच्या टोकाशी योग्य फ्यूज मात्र हवाच.

सॉकेटविषयीही सांगणे भाग आहे. लहान असला तरी हा अ‍ॅडॉप्टर आपले सगळे वजन दोन पिनांवर तोलतो. जुन्या घरांतले सॉकेट सैल झालेले असतात, पिना किंचित खाली झुकतात, आत बारीक ठिणग्या पडतात आणि काही महिन्यांत प्लास्टिक पिवळे पडते. सॉकेट बदलायला फारसा खर्च येत नाही. तोवर जमिनीवर ठेवता येईल असा चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरावा आणि अ‍ॅडॉप्टर गादीवर, चादरीखाली किंवा दप्तरात ठेवून चालवू नये. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात पिनांवर हिरवट थर चढतो. प्लग काढून कोरड्या कापडाने तो अधूनमधून पुसावा. पावसातून आणलेला गार अ‍ॅडॉप्टर लगेच भिंतीला न लावता तासभर घरच्या हवेत राहू द्यावा.

शेवटी दुरुस्तीबद्दल. जुन्या ठोकळ्यातला फ्यूज किंवा फुगलेला कपॅसिटर बदलून देणारे कारागीर बेळगावात अजूनही आहेत. लहान अ‍ॅडॉप्टरमध्ये उष्णता बाहेर काढण्यासाठी आत लुकण ओतलेले असते, सुटे भाग नखाएवढे असतात, आणि उघडल्यावर त्याचे दुहेरी इन्सुलेशन पहिल्यासारखे राहीलच याची खात्री देता येत नाही. म्हणून बिघडला तर वॉरंटीत बदलून घ्यावा आणि वॉरंटी संपली असेल तर ई-कचऱ्यात द्यावा. तालुक्याच्या गावापासून लांब राहणाऱ्याने नवा लहान अ‍ॅडॉप्टर घेतला तरी चालू स्थितीतला जुना ठोकळा विकू नये. वळिवाच्या दिवसांत तोच घरी लावावा आणि नवा प्रवासासाठी ठेवावा.